अण्णांचं ॲव्हरेज

आपल्याकडे कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली, की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" आमच्या घरात हा प्रश्न रोजचाच. कारण आमची गाडी हौसेची नाही, पोटाची आहे. अण्णा पाटणहून जुन्या व्हॅनमध्ये बेकरीचा माल भरतात आणि आठवड्यातून तीनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणपर्यंतच्या दुकानांत टाकतात. जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून खारी-टोस्टचा निम्मा नफा टाकीत जातो. उरलेल्यात घर आणि माझी मेस!

म्हणून घाटमाथा आला की अण्णांचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. गिअर न्यूट्रल, किल्ली बंद. "उतारावर इंजिन कशाला जाळायचं? गाडी आपोआप पळतीया की!" मी लहानपणापासून हे बघत आलोय. खरं सांगतो, मला ती शांतता आवडायची.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी सोबत होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पुढे एक लोड भरलेला ट्रक रांगत होता. अण्णांनी आधीच दोन-तीनदा ब्रेक दाबला होता. आता दाबला तर पेडल दगडासारखं! दोन्ही पाय रोवले तरी गाडी थांबेना. अण्णांनी किल्ली फिरवली, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीला जोराचा हिसका बसला, इंजिन लागलं आणि ब्रेक पुन्हा धरला. ट्रकचं मागचं फाळकं हातभर लांब होतं. मागे टोस्टचे डबे एकमेकांवर पडले होते.

बाजूला गाडी घेतल्यावर अण्णा म्हणाले, "ब्रेक फेल झाला म्हणायचा."

"नाही अण्णा, फेल नाही झाला. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद केलं की साठलेला व्हॅक्यूम दोन-तीनदा दाबल्यावर संपतो. मग सगळा जोर आपल्या पायाचा."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "हे तुला कधीपास्नं ठावं हाय?"

"गेल्या वर्षी होतं... पेपरला."

"मग सांगितलं का न्हाईस?"

मित्रांनो, आजपर्यंत एकाही वायवाला मी इतका गप्प बसलो नव्हतो. बूस्टरची आकृती काढून मी मार्क मिळवले होते आणि त्यानंतर किती वेळा त्याच गाडीत, त्याच सीटवर बसून तोच घाट उतरलो होतो!

परतीच्या वाटेवर सगळं सांगितलं. कार्बुरेटरच्या काळात न्यूट्रलमध्ये गाडी सोडून थोडं पेट्रोल वाचायचं. पण २००० सालाच्या आसपास आपल्याकडच्या गाड्यांत इंजेक्शन आलं. आता गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की ईसीयू पेट्रोलच बंद करतो. चाकंच इंजिनला फिरवतात. वेग फार कमी झाला की पेट्रोल आपोआप सुरू होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे गिअरमध्ये उतरलं तर पेट्रोल जवळजवळ शून्य, वर इंजिनचा ब्रेक फुकट!

"म्हंजी इतकी वर्सं मी जीव टांगून काय वाचवलं?" अण्णांनी विचारलं. यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग आम्ही हिशोबाला बसलो. टाकी फुल करायची, किलोमीटर वहीत लिहायचे, पुन्हा फुल केली की किलोमीटर भागिले लिटर. पहिला आकडा आला १४. टपावरचा रिकामा कॅरियर उतरवला, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टायर थंड असताना दरवाज्याजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरली. चारही टायरमध्ये कमी होती. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय सोडली. माल उतरवताना इंजिन बंद.

माझंही एक शहाणपण फसलं. "लवकर वरचा गिअर टाका" असं मी चढावरही सांगितलं आणि इंजिन ठकठक करायला लागलं. अण्णा म्हणाले, "कान दे जरा, ती दमलीया." खालचा गिअर टाकल्यावर आवाज बंद. शिवाय समोरची एसटी थांब्यावर थांबणार, हे ते लांबूनच ओळखतात आणि तिथूनच पाय काढतात. आपण शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर दाबतो आणि मग ब्रेक मारतो. ब्रेक मारला म्हणजे पेट्रोल जाळून कमावलेला वेग उष्णता करून हवेत सोडला! हे पुस्तकात आहे, पण मला ते अण्णांच्या पायाकडे बघून कळलं.

तीन महिन्यांनी आकडा १६ वर आला. एका खेपेला साधारण एक लिटर वाचतं. महिन्याच्या बारा खेपा धरा. इंजिन बंद न करता, बरं का!

आपल्या हॉस्टेलमधले बरेच जण घाटातून घरी जातात. कुणाचे वडील जीप चालवतात, कुणाचे काका टेम्पो. या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसाल, तेव्हा पेपरात लिहिलेलं निदान एक वाक्य त्यांना सांगा. आणि त्यांचंही ऐका.

रविवारी अण्णांचा फोन येतो. "जेवलास का?" च्या आधी आता आकडा सांगतात. परवा म्हणाले, "सोळा पॉइंट दोन. आणि घाट गिअरमध्ये उतरलो."