तळपायाची आग

मराठीच्या मास्तराला वाक्प्रचारांचा फार सोस. 'तळपायाची आग मस्तकाला जाणे' हा माझा विशेष लाडका. रागाचे वर्णन म्हणून तो मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो. पण त्यात शरीरशास्त्रही किती आहे, हे दाखवले ते आमच्या अण्णांच्या पायांनी. तळपायाला चटका बसला की ती वार्ता मज्जातंतूंच्या तारेवरून वर जाते आणि माणूस पाय उचलतो. जुन्या मधुमेहात ही तारच हळूहळू निकामी होते. आग तळपायाशीच राहते; मस्तक आपले निवांत!

अण्णांना मधुमेह जडून बावीस वर्षे झाली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवून वाकवला. १० ग्रॅमचा भार पडला की तो वाकतो. चार ठिकाणी टेकवून झाल्यावर अण्णा म्हणाले, "हं, करा सुरुवात." डॉक्टर हसले नाहीत. मलाही हसू आले नाही.

असल्या पायाला बुटातला खडा कळत नाही. माणूस खुशाल त्यावरून मैलभर चालतो. मग जखम होते, चिघळते, आणि प्रकरण कधी पाय कापण्यावर येते. मात्र कातडी फुटण्याआधी आत दाह सुरू होतो आणि ती जागा तापते. म्हणून रोज रात्री आम्ही अण्णांच्या प्रत्येक पायाला सहा जागी तापमापक लावतो: अंगठा, चवड्यावर तीन ठिकाणी, मध्यभागी आणि टाचेला. दोन्ही पायांच्या एकाच जागी २.२ अंश सेल्सियसहून अधिक फरक लागोपाठ दोन दिवस आला, की चालणे कमी करून डॉक्टरांना कळवायचे. हेच काम करणारे, पायपुसण्यासारखे आसनही आता निघाले आहे. दाब मोजणारे, बुटात घालायचे तळवेही आहेत. ते मनगटावरच्या घड्याळातून ओरडतात.

ओरडतात खरे, पण ऐकतो कोण? वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत, कारव्हिल येथे, बधिर हातापायांसाठी कृत्रिम वेदनेचे यंत्र करून पाहिले. दाब वाढला की इशारा. तो मानीनात तेव्हा विजेचा चटका. रोगी काय करीत? जोराचे काम करायचे असले की यंत्रच बंद करीत! अखेर ब्रँड यांनी तो नाद सोडला. खरी वेदना बापडी हट्टी; तिला बटण नसते.

गेल्या श्रावणात अण्णांच्या डाव्या अंगठ्यापाशी दोन रात्री २.६ चा फरक आला. डॉक्टरांनी चालणे बंद केले. अण्णा भडकले. "अरे, मला काडीचे दुखत नाही, मग बसू कशाला?" मी मज्जातंतूंवर व्याख्यान दिले. व्याख्यानाचा परिणाम माझ्या वर्गात होतो तेवढाच झाला. अण्णा बूट शोधू लागले.

तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी आकड्यांची वही पुढे केली. "अण्णा, डाव्या-उजव्याचा ताळा जुळत नाही. जरा बघता का?" पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस! अण्णांनी चष्मा लावला, वही दोनदा तपासली आणि मुकाट्याने खुर्चीत बसले. नऊ दिवस बसले. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी परवानगी दिली.

तेव्हापासून वही त्यांच्याच ताब्यात आहे. काल फरक ०.४ आला. "शिल्लक ठीक," असे म्हणून त्यांनी तारीख टाकली. आज सकाळी दोन्ही बुटांत हात घालून, आत काही नाही ना ते चाचपून, फिरायला गेले आहेत.