भोगी, मयूर विहार

ताप उतरला, पण तोंडाला चव येईना. दिल्लीतलं जानेवारीचं धुकं, बंद खिडक्या, समोर नकोशी झालेली पेज. भोगीच्या सकाळी भाजीवाल्याची हाक ऐकली आणि शाल गुंडाळून खाली गेले. हातगाडीवर लालभडक देशी गाजरं, मटार, सोललेला हिरवा हरभरा, काळी वांगी. पावटा नव्हता, सेमच्या शेंगा घेतल्या.

इथली गाजरं बहुतेक हलव्यातच जातात. मला ती भोगीच्या मिसळीच्या भाजीत जास्त आवडतात. मोहरी तडतडली, वांग्याच्या फोडींना तिळाचा कूट चिकटला, कडेनं तेल सुटलं आणि गाजराच्या लालीनं रस्सा केशरी झाला. बाजरी तर हरियाणा-राजस्थानची, मुबलक. तीळ लावलेल्या भाकरीचा पहिला घास घेतला आणि डोळे भरून आले. आईच्या आठवणीनं, की चव परतली म्हणून, कोण जाणे.

संध्याकाळी खाली लोहडी पेटली. शेजारणीनं रेवड्या दिल्या, मी वाटीभर भाजी. तिनं कृती विचारली, याचा फार आनंद झाला.

ही लाल गाजरं होळीनंतर दिसेनाशी होतात. तोवर एकदा तिळाचा कूट घालून ही भाजी करून बघा.