सात दिवसांत तांबडा समुद्र, वाळवंट आणि लक्झर

परदेश प्रवासाचा बेत ठरू लागला की पहिल्याच दिवशी घरात दोन-तीन पक्ष तयार होतात. मुलांना समुद्र हवा असतो, वडीलधाऱ्यांना काहीतरी पुरातन पाहायचे असते, आणि वर्षभर नोकरी व घर सांभाळून थकलेल्यांना दोन दिवस कुठेही न धावता नुसते पडून राहायचे असते. त्यातून सुटी मिळते जेमतेम एक आठवड्याची. या सर्वांची हौस एका फेरीत भागवणारे जे थोडे देश आहेत, त्यांत इजिप्तचा क्रमांक वरचा आहे. तिथे समुद्रकिनारा आहे, पाण्याखाली पोवळ्यांचे रान आहे, किनाऱ्याला लागूनच वाळवंट आहे आणि वाळवंट ओलांडले की साडेतीन हजार वर्षांपूर्वीची देवळे व राजांची थडगी आहेत.

मात्र घोटाळाही इथेच होतो. इजिप्तला निघालोच आहोत तर कैरो, पिरॅमिड, अलेक्झांड्रिया, अस्वान, अबू सिंबेल हे सगळे पदरात पाडून घ्यावे, असे प्रत्येकाला वाटते. मग सात दिवसांत पाच शहरांचा कार्यक्रम आखला जातो. पहाटे चारला उठायचे, सामान बांधायचे, विमानतळ गाठायचा आणि दुपारच्या उन्हात मुलांना ओढत एखादे देऊळ 'उरकायचे'. पैसा पूर्ण खर्च होतो आणि घरी परतल्यावर लक्षात राहते ते फक्त रांगेत उभे राहणे.

त्यापेक्षा दोनच मुक्काम ठरवा. पहिला तांबड्या समुद्रावरील हुर्गाडा, दुसरा नाईलकाठचे लक्झर. या दोहोंमध्ये सडकेने सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर आहे आणि ते सगळे वाळवंटातून जाते.

पिरॅमिडचे काय?

हा प्रश्न घरातले सर्वजण विचारणार. गिझाचे पिरॅमिड आणि त्यांच्याजवळ नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झालेले भव्य वस्तुसंग्रहालय नीट पाहायचे तर दोन दिवस हवेत. ते सातांतून काढले तर एकतर समुद्र जातो किंवा लक्झर. म्हणून रजा वाढवता येत असेल तर दोन दिवस जास्त काढा आणि ते शेवटी कैरोत घालवा. रजा वाढत नसेल तर पिरॅमिड पुढच्या खेपेला. ते साडेचार हजार वर्षे उभे आहेत, आणखी काही वर्षे तुमची वाट पाहतील. पोवळ्यांच्या बाबतीत मात्र असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आधी समुद्र, मग देवळे

मुंबई आणि दिल्लीहून कैरोला थेट विमाने आहेत. कैरोहून हुर्गाडाला पोहोचायला विमानाने साधारण एक तास लागतो. पहिला दिवस या प्रवासातच संपतो, हे गृहीत धरा आणि त्या संध्याकाळी किनाऱ्यावर फिरण्याखेरीज काहीही ठरवू नका.

समुद्र आधी ठेवण्यामागे कारणे आहेत. घरातील कुणी हवेची टाकी पाठीला लावून खोल पाण्यात बुडी मारणार असेल, तर त्यानंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसू नये. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन शरीराबाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. घाईने विमानात चढल्यास कमी दाबाच्या हवेत त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. समुद्र आधी आणि लक्झर नंतर ठेवले की ही काळजी आपोआप मिटते. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे, ते लक्झरला पोहोचल्यावर सांगू.

दुसरा दिवस हॉटेलसमोरच्या उथळ पाण्यात काढा. स्नॉर्केल म्हणजे डोळ्यांवर चष्मा आणि तोंडात श्वास घेण्याची नळी. ती लावून पाण्यात तोंड घालायला सुरुवातीला भीती वाटते, पण कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास सराव केला की जमते. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी निराश होऊ नये. तांबड्या समुद्राचे पाणी नेहमीच्या समुद्रापेक्षा खारट असल्यामुळे शरीर सहज तरंगते. अंगात जीवरक्षक जाकीट आणि शेजारी वाटाड्या असला की पन्नाशीच्या पुढची मंडळीही हा आनंद घेऊ शकतात. ज्यांना पाण्यात उतरायचेच नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाच्या नावा आहेत.

तिसऱ्या दिवशी नावेने गिफ्तून बेटांकडे जा. या समुद्राला बाराही महिने वाहणारी एकही नदी मिळत नाही, त्यामुळे गाळ येत नाही आणि पाणी काचेसारखे स्वच्छ राहते. इथे माशांच्या हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेच आढळत नाहीत. हळदीसारखे पिवळेधमक फुलपाखरी मासे जोडीजोडीने फिरतात. पोपटमासा आपल्या चोचीने पोवळे कुरतडतो, त्याचा कटकट आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो.

पोवळे म्हणजे दगड नव्हे, असंख्य चिमुकल्या जिवांनी बांधलेली ती वसाहत असते. गोलाकार, भरीव पोवळे वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच वाढते. म्हणजे आपण ज्या गोळ्यावर सहज पाय टेकून उभे राहतो, तो कदाचित आपल्या पणजोबांच्या काळापासून वाढत आलेला असतो. म्हणून पोवळ्यावर उभे राहू नका, त्याला हात लावू नका, माशांना पाव टाकू नका. शंख किंवा पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणे हा तिथे गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. समुद्राचे पाणी तापत चालल्याने जगभर पोवळी पांढरी पडून मरत आहेत. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागातली पोवळी त्या मानाने अधिक चिवट समजली जातात, म्हणून ती जपणे अधिकच गरजेचे आहे.

नाव निवडताना केवळ स्वस्ताई पाहू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच किनाऱ्यावर मार्सा आलमजवळ पर्यटकांची एक नौका बुडाली आणि मार्च २०२५ मध्ये हुर्गाडाजवळ पर्यटकांना नेणारी पाणबुडी बुडाली. दोन्ही वेळा माणसे दगावली. तेव्हा प्रत्येकासाठी, मुलांसाठी त्यांच्या मापाचे, जाकीट आहे का हे नाव सुटण्यापूर्वी पाहा. वारा जोराचा असेल तर पैसे बुडाले तरी चालतील, पण त्या दिवशी जाऊ नका.

वाळवंटातली एक संध्याकाळ

चौथ्या दिवशी सकाळ किनाऱ्यावर आणि दुपारनंतर वाळवंट असा बेत ठेवा. हे वाळवंट चित्रपटांतल्यासारखे वाळूच्या टेकड्यांचे नाही. इथे उघडेबोडके तांबूस आणि करडे डोंगर आहेत आणि त्यांच्यामधून कोरड्या नद्यांची पात्रे गेली आहेत. जीपमधून आत गेले की बेदुइन लोकांच्या पालावर चहा मिळतो, तव्यावर भाजलेली पातळ रोटी मिळते आणि अंधार पडला की आकाश चांदण्यांनी भरून जाते. शहरात वाढलेल्या मुलांनी एवढे तारे क्वचितच पाहिलेले असतात. दिवस तापला तरी रात्री गारठा पडतो, म्हणून एकेक स्वेटर बरोबर असू द्या.

ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी संध्याकाळच्या सहलीऐवजी दिवसभराची जीप ठरवून मॉन्स क्लॉडियानस ही रोमन काळातली खाण पाहावी. रोममधल्या पँथिऑन या प्रसिद्ध वास्तूच्या दर्शनी भागातले करडे खांब इथूनच गेले. तडा गेल्यामुळे टाकून दिलेला एक प्रचंड खांब अजून तिथेच पडून आहे. तिथे अनुभवी स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये.

आपल्याही ओळखीची वाट

पाचव्या दिवशी मोटारीने लक्झरला निघा. सडक सफागा बंदराहून आत वळते आणि डोंगरांमधून केना शहराजवळ नाईलला भेटते. चार-साडेचार तासांचा हा प्रवास मुले झोपून काढतील, पण मोठ्यांनी जागे राहावे. वाटेत पोलिसांच्या चौक्या लागतात, पासपोर्ट हाताशी ठेवा.

नाईल आणि समुद्र यांना जोडणाऱ्या या वाळवंटी वाटा फार जुन्या आहेत. सफागाच्या दक्षिणेला वाडी गवासिस येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे बंदर सापडले आहे. तिथल्या गुहेत जहाजांचे दोर वेटोळे करून ठेवले होते तसेच मिळाले. नाईलकाठी जहाजे बांधायची, सुटी करायची, वाळवंट ओलांडून आणायची आणि किनाऱ्यावर पुन्हा जोडायची, असा तो खटाटोप होता.

पुढे रोमन काळात याच किनाऱ्यावरून जहाजे भारतात येऊ लागली. आजच्या कुसैर गावाजवळच्या मायोस हॉर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे जातात, अशी नोंद स्ट्रॅबो या ग्रीक लेखकाने केली आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच, कल्याण, चौल, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. मोसमी वारा धरून जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत. दूर दक्षिणेकडच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय मिरी, सागवान, २०२२ मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती आणि पैठणच्या सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. गाडीच्या खिडकीतून जे ओसाड डोंगर दिसतात, तसल्याच डोंगरांतून आपल्या घाटमाथ्यावरून खाली उतरलेला माल नाईलकडे जात होता.

भिंतीवरचे मासे

लक्झरला पोहोचल्यावर संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशातले लक्झरचे देऊळ पाहा. सहाव्या दिवशी उजाडताच नाईलच्या पश्चिम तीरावर जा. राजांच्या खोऱ्यात साठाहून अधिक थडगी आहेत. साध्या तिकिटात तीनच थडगी पाहता येतात आणि तेवढी पुरेशी आहेत. हॉवर्ड कार्टरने १९२२ मध्ये शोधलेल्या तुतनखामेनच्या थडग्याचे तिकीट वेगळे असते. त्याची ममी तिथेच आहे, पण खजिना कैरोला गेला आहे, हे ध्यानात ठेवूनच खर्च करा.

त्यानंतर हातशेप्सूत राणीचे डोंगराला टेकून बांधलेले तीन मजल्यांचे देऊळ. मधल्या मजल्यावर डाव्या हाताच्या ओवरीत राणीने तांबड्या समुद्रातून पुंट देशी पाठवलेल्या जहाजांची चित्रे कोरली आहेत. गर्दी जहाजे पाहते. तुम्ही मुलांना जहाजांखालचे पाणी दाखवा. त्यात मासे कोरले आहेत, आणि ते इतके हुबेहूब आहेत की अभ्यासकांनी तांबड्या समुद्रातल्या त्यांच्या जातीही ओळखल्या आहेत. तीन दिवसांपूर्वी पाण्यात पाहिलेल्या माशांचे भाईबंद ३,४०० वर्षांहून जुन्या भिंतीवर शोधताना मुले कंटाळत नाहीत. समुद्र आधी ठेवण्याचे दुसरे कारण हेच.

दुपारी ऊन टाळून विश्रांती घ्या. सातव्या दिवशी सकाळी कर्नाकच्या देवळातला १३४ खांबांचा सभामंडप पाहा, शिडाच्या फेलुका नावेतून नाईलवर फेरी मारा आणि विमानाने कैरोमार्गे परत फिरा.

थोडी व्यवहाराची माहिती

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला. त्यातही दिवाळीची सुटी सर्वांत सोयीची, कारण समुद्र अजून उबदार असतो आणि लक्झरचे ऊन उतरलेले असते. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार लागते. मे महिन्यात लक्झरचा पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा वृद्धांना आणि लहानांना नेऊ नये.

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी इजिप्तच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. बऱ्याच प्राचीन स्थळांची तिकिटे आता कार्डानेच मिळतात. सुटे पैसे मात्र जवळ हवेत, कारण आपल्या 'बक्षिसा'चा जुळा भाऊ 'बकशीश' तिथे पावलोपावली भेटतो.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. भात, मसूर, मॅकरोनी आणि तळलेला कांदा यांची कोशरी सर्वत्र मिळते आणि हिचे मूळ आपल्या खिचडीत असल्याचे अनेकजण मानतात. बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांची उसळ म्हणजे फूल आणि त्याच दाण्यांची वडी म्हणजे ताअमिया. पाणी बाटलीबंदच प्या. पाठ भाजू नये म्हणून पाण्यात पूर्ण बाह्यांचा पोशाख घाला आणि पायांत रबरी बूट असू द्या.

जाण्याआधी महिनाभर जवळच्या तलावात मुलांबरोबर स्वतःही पोहण्याचा सराव केलात तर या सहलीवर केलेला खर्च दुपटीने वसूल होईल. यादीतली चार नावे गाळल्याची रुखरुख लागली तरी लागू द्या. दोन ठिकाणी निवांत राहून आलेले कुटुंब परतल्यावर मासे, तारे आणि भिंतीवरची जहाजे यांच्याविषयी बोलत राहते.