वर कोणते, खाली कोणते?

मृगाच्या सरींनी अमरावतीच्या छत्री तलावाकडील डबकी भरली, की त्यांतली बेडकांची अंडी न्याहाळल्यावाचून मला राहवत नाही. (इंग्रजी काव्य शिकविणाऱ्याने ही उठाठेव का करावी, असे सहकारी विचारतात!) फलन होताच अंडे आपल्या वेष्टनात वळते, बलकाने जड झालेली फिकट बाजू खाली, काळी वर. गर्भाची घडण गुरुत्वाकर्षणच ठरविते, असे १८८३ साली जर्मन पंडित फ्ल्यूगर याने प्रतिपादिले. रू याने अंडी चाकावर सतत फिरवून ते खोडले. पण फिरते अंडे काही वजनरहित नव्हे! १९९२ साली ‘एंडेव्हर’ यानातून आफ्रिकी बेडक्या अंतराळात नेल्या. तेथे फलित झालेल्या अंड्यांतून अव्यंग बेडूकमासे निपजले. मात्र हवा गाठण्यास ‘वर’ अशी दिशाच नसल्याने त्यांची फुप्फुसे फुगली नाहीत. पृथ्वीवर आल्यावर ती फुगली.