बर्फ उडतो, मळ उरतो

रबराच्या कारखान्यात साचे साफ करणं हे कोणालाच नको असलेलं काम. प्रत्येक क्युअरिंगला, म्हणजे साच्यात रबर तापवून पक्कं करताना, त्यातलं गंधक, मेण आणि माल सुटावा म्हणून मारलेलं सिलिकॉन नक्षीच्या खाचांत बसतं, भाजतं, त्याचं काळं कवच होतं. मी या कामात पडलो तेव्हा प्रेस थंड करायचा, पोलादी साचा क्रेननं उतरवायचा, गरम कॉस्टिकच्या टाकीत बुडवायचा आणि मग काचेच्या बारीक मण्यांचा मारा करायचा. अख्खी शिफ्ट जायची. टाकीतलं पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, तिथला गाळ पिंपांत आणि पिंपं रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाला. मळ मूठभर, गाळ पिंपभर.

आता हेच काम आम्ही ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, मारा करून करतो. त्याचे दाणे तांदळाएवढे, साधारण ३ मिलिमीटर जाडीचे, उणे ७८.५ अंशांचे. दाबाच्या हवेबरोबर ते सुटतात. साचा प्रेसमध्येच असतो, दीडशेच्या आसपास तापलेला, आणि तो तापलेला असणंच फायद्याचं. थर एकदम गारठून आखडतो, तडकतो. दाणा आदळताच त्याचा वायू होतो, सुमारे ८०० पट फुगतो आणि सुटा झालेला थर उडवून लावतो. पाणी नाही, कॉस्टिक नाही, साचा पुन्हा तापवायचं इंधनही नाही. शिवाय पोलादापुढे हा दाणा अगदीच मऊ. काचेच्या मण्यांनी नक्षीच्या धारा बोथट व्हायच्या, साचा वेळेआधी भंगारात जायचा. हे वाचलेलं पोलाद पर्यावरणाच्या हिशेबात सहसा कोणी धरत नाही, मी धरतो.

“पण साहेब, हा कार्बन डायऑक्साइडच ना?” एका ऑपरेटरनं पहिल्याच दिवशी विचारलं. बरोबर विचारलं. किलोभर बर्फ म्हणजे किलोभर वायू हवेत. फक्त तो बहुधा आपल्यासाठी मुद्दाम तयार केलेला नसतो. खत कारखान्यात अमोनिया बनवताना तो निघतो, डिस्टिलरीत मळी आंबताना निघतो. किलोभर अल्कोहोलमागे जवळपास तेवढाच. एरवी तो थेट आकाशात गेला असता, इथे जाताजाता एक काम करून जातो. पण म्हणून जाहिरातीत ‘शून्य प्रदूषण’ छापलेलं दिसलं की मला हसू येतं. कॉम्प्रेसर वीज खातो, बर्फ गोठवायलाही वीज लागते, आणि शनिवारी मागवलेली पेटी सोमवारी हलकी झालेली असते.

आणि हा वायू हवेहून दीडपट जड. एकदा प्रेसखालच्या खड्ड्यात उतरलेला आमचा हेल्पर डोकं धरून वर आला. तेव्हापासून खड्ड्यात पंखा आणि वायू मोजायचं मीटर असल्याशिवाय मी नोझल हातात घेऊ देत नाही. कानांना मफ तर हवेतच, आवाज भयंकर असतो.

काम संपल्यावर जमीन झाडतो. अर्धी बादली काळी भुकटी निघते. बर्फ नाहीसा झाला म्हणून तीही नाहीशी होत नाही. पिशवीत भरून, चिठ्ठी लावून आम्ही ती रांजणगावलाच पाठवतो.