चोरकप्प्याची गोष्ट

‘‘उजव्या खांद्यावर रोज काय वाहता?’’ फिजिओथेरपिस्टनं विचारलं. मी फुल कॉन्फिडन्सनं सांगून टाकलं, ‘‘काहीच नाही. फक्त पर्स!’’

घरी येऊन ती ‘फक्त पर्स’ वजनकाट्यावर ठेवली. चार किलो सातशे ग्रॅम! आई म्हणाली, ‘‘अगं, जन्मलीस तेव्हा तू याच्यापेक्षा हलकी होतीस.’’

मग पलंगावर सगळा पसारा ओतला. दोन डायऱ्या, डबा, बाटली, छत्री, पॉवर बँक, लॅपटॉपचा चार्जर (लॅपटॉप घरीच!), अकरा पेनं, त्यातली चालणारी चार, सेफ्टी पिनांची माळ, डोकेदुखीच्या गोळ्या आणि एक राजगिऱ्याची चिक्की, जिच्या वयाबद्दल न बोललेलंच बरं. पण मंडळी, मी फ्रीलान्सर आहे. तुम्हाला ऑफिसात टेबल असतं, टेबलाला ड्रॉवर असतो. माझा ड्रॉवर माझ्या खांद्यावर असतो. तो काढून ठेवायचा म्हणजे टेन्शनच.

तरी ठरवलं, एक आठवडा छोटी पर्स. बजेट तीनशेच्या आत, कारण दोन लेखांचे पैसे अजून यायचे होते.

दादरला रानडे रोडच्या फुटपाथवर अशा पर्सेसचा नुसता पाऊस असतो. पहिली आवडली, ‘मोबाइल पॉकेट’वाली. फोन घालून बघितला तर अर्धा बाहेर. चार इंची स्क्रीनच्या जमान्यात शिवली असावी! विक्रेता म्हणाला, ‘‘ताई, कव्हर काढा ना, बसेल.’’ पर्ससाठी फोनचे कपडे काय उतरवायचे? दुसरीत फोन कव्हरसकट गेला. हिचा फोनचा कप्पा मागच्या बाजूला होता, अंगाला चिकटणारा, वर चेन. समोर एक छोटा कप्पा. साडेतीनशेपासून सुरू झालेली घासाघीस अडीचशेवर थांबली. तेव्हा तर मला फक्त तिचा मोरपंखी रंग आवडला होता, खरं सांगते.

पहिल्या दिवशी आत गेलं ते एवढंच : फोन, एक कार्ड, घराची किल्ली, एक पेन, एक सॅनिटरी पॅड, लिप बाम आणि थोडे पैसे. दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. डोंबिवलीला गाडीत चढताना मात्र जाम मजा आली. कुणाला बॅग लागली नाही, कुणी ‘बॅग पुढे घे गं’ म्हणून ओरडलं नाही!

दुसऱ्या दिवशी मुलाखतीला डायरीच नव्हती. झेरॉक्सवाल्याकडून चार कोरे कागद घेतले. भागलं की! तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीनं सवयीनं हात पुढे केला, ‘‘गोळी दे ना, डोकं ठणकतंय.’’ नव्हती. ती शांतपणे खाली मेडिकलमध्ये गेली. मला मात्र उगाच अपराधी वाटलं. घरी आल्यावर मोजलं, मोठ्या बॅगेतल्या निम्म्या वस्तू मला कधी लागल्याच नव्हत्या. त्या ‘कुणाला लागल्या तर’ या खात्यातल्या होत्या.

आणि मग आला गुरुवार. संध्याकाळी पावणेसात, दादरचा पूल, पाय ठेवायला जागा नाही. गाडीत चढल्यावर खाली बघितलं तर पर्सची पुढची चेन उघडी! पोटात गोळाच आला. थरथरत्या हातानं मागे चाचपडलं. फोन होता. पुढच्या कप्प्यातली वीसची नोट आणि लिप बाम गायब. चोराला लिप बाम लखलाभ.

हसू आलं ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री झोप लागली नाही. कारण गणित साधं होतं. बँक फोनमध्ये. रोजचे पैसे देणं-घेणं फोनमध्ये. लोकांचे नंबर फोनमध्ये. ज्या लेखाची डेडलाइन सोमवारी होती, त्याच्या तीन मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज फक्त त्याच फोनमध्ये. बॅग चार किलोंनी हलकी झाली होती, पण तिच्यातला सगळा जीव आता अडीचशे रुपयांच्या एका चेनवर टांगलेला होता.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत म्हणाली, ‘‘आम्ही पगार घरी आणायचो तेव्हा पैसे तीन ठिकाणी ठेवायचो. थोडे पर्समध्ये, थोडे रुमालात आणि उरलेले ब्लाउजमध्ये. एक गेलं तरी घरी पोचता यायचं.’’

हाच तर फंडा! शुक्रवारी सकाळी कामाला लागले. रेकॉर्डिंग्ज लॅपटॉपवर घेतली. फोनवर *#06# दाबलं, स्क्रीनवर आलेला पंधरा आकडी आयएमईआय नंबर आईच्या दूधवाल्याच्या वहीत लिहून ठेवला. फोन चोरीला गेला तर पोलीस तक्रार करून ‘संचार साथी’ पोर्टलवर तो ब्लॉक करायला हाच नंबर लागतो. ही देशभरची सोय २०२३ पासून आहे, आणि मला ती माहीत असूनही मी नंबर कधी लिहिला नव्हता. त्याखाली बँकेचा हेल्पलाइन नंबर लिहिला. आईचा आणि भावाचा मोबाइल नंबर चक्क पाठ केला. कार्ड फोनपासून वेगळं, आतल्या कप्प्यात गेलं.

आता महिना झालाय. पर्सच्या पट्ट्याची शिवण उसवली होती, स्टेशनबाहेरच्या चांभारकाकांनी वीस रुपयांत पक्की करून दिली. खांदा बराच बरा आहे. लॅपटॉप न्यायचा असेल त्या दिवशी मोठी बॅग निघतेच, पण चिक्की आणि सात पेनं वजा करून. तुम्ही घ्यायला गेलात तर दोनच गोष्टी बघा. फोन कव्हरसकट आत घालून बघा, आणि फोनचा कप्पा अंगाकडेच असू द्या. रंग नंतर.

परवा अस्तराच्या आत हाताला काहीतरी लागलं. दोन टाके उसवून आईनं तिथं गुपचूप एक छोटा चोरकप्पा केला होता. आत घडी घातलेली शंभराची नोट.

ती मी अजून मोडलेली नाही.