सॉक सेव्हनचं देणं

मुंबईला जाण्याआधी मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ऊसबिलं काढत असे. फॉक्सप्रोमध्ये. काट्याची पावती एकीकडे, शेतकी विभागाची ऊसनोंद दुसरीकडे, आणि मधे कपातींची रांग: सोसायटीचं कर्ज, बिनपरतीची ठेव, परतीची ठेव, शिवाय त्या वर्षी संचालक मंडळाला सुचेल ते. हंगामात दर पंधरवड्याला बिलं निघायची. मधेच वीज गेली की इंडेक्स बिघडायचा आणि सगळं पुन्हा लावत बसायचं. बिलात दहा रुपये कमी पडले तरी शेतकरी खिडकीशी येऊन उभा राहायचा आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलायचा नाही.

१९९८ साली अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कंपनीत माझी निवड झाली. वायटूकेचे, म्हणजे २००० साल उजाडलं की संगणक तारखा चुकवतील या धास्तीचे दिवस होते. कोबोल येणारं माणूस मिळेल तिथून उचललं जात होतं. काम अमेरिकेतल्या एका आयुर्विमा कंपनीचं. कोबोल मी कोल्हापुरात संध्याकाळच्या क्लासला, साध्या पीसीवर शिकले होते. मेनफ्रेम म्हणजे काय ते पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुढेही पाहिलं नाही. तो तिकडे अमेरिकेत होता. आमच्या वाट्याला फक्त त्याचा काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. माउस असून नसल्यासारखा. एफ-सेव्हन दाबलं की वर, एफ-एट दाबलं की खाली, एफ-थ्रीने बाहेर. एकेक प्रोग्राम हजारो ओळींचा, त्यातले कित्येक माझ्या जन्माच्या सुमाराला लिहिलेले. आजूबाजूला इंजिनिअरिंगची मुलं-मुली. त्यांचं इंग्रजी ऐकून मी बोलायचीच बंद झाले.

त्या मजल्यावर पन्नाशी ओलांडलेल्या एकच बाई होत्या. मॅनेजरपासून सगळे त्यांना काकू म्हणत. त्यांनी सुरुवात केली ती पंचकार्डांवर. ऐंशी रकान्यांचं कार्ड, एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. कोबोलमध्ये ओळीच्या सुरुवातीचे सहा रकाने क्रमांकासाठी का सोडतात, हे क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "अगं, गठ्ठा हातातून पडला तर? हजार कार्डं जमिनीवर. नंबर असले तर पुन्हा लावता येतात, नाहीतर बस रडत." त्यानंतर ते सहा रकाने मला कधी निर्जीव वाटले नाहीत.

एकदा कॅन्टीनमध्ये त्यांनी विचारलं, "आधी काय करायचीस?"

"काही विशेष नाही काकू. ऊसबिलं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. कपातीचा क्रम कोण ठरवायचं? रक्कम पुरली नाही तर आधी कुणाचं कापायचं आणि कुणाचं पुढच्या बिलावर ढकलायचं? पैसे कुठल्या टप्प्यावर पूर्ण रुपयात करायचे, प्रत्येक ओळीला की शेवटी? एकूण बेरीज कशाशी ताडून बघायची? मी उत्तरं देत गेले आणि जेवणाची सुट्टी संपून गेली. मला वाटलं, बाईंना शेतीची आवड असावी.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. नव्या मुलांना प्रोग्राममधली तारखांची चलपदं शोधून खुणा करायचं काम असे. तिथून उचलून मला ॲन्युइटीच्या, म्हणजे दरमहा पेन्शन देणाऱ्या प्रोग्रामांवर टाकलं. त्या प्रकल्पातला सगळ्यात अवघड तुकडा. काकूंनी जाऊन सांगितलं होतं की या मुलीला कपाती कळतात, कोबोल येईल. मला आनंद झाला नाही. रागच आला. न विचारता मला खोल पाण्यात ढकलायचा यांना काय अधिकार, असं वाटत राहिलं.

अवघड का, तेही सांगते. वर्ष दोनच आकडी साठवलेलं असायचं. त्यावरचा स्वस्त उपाय असा: शून्य ते एकोणपन्नास आलं की २००० नंतरचं धरायचं, पन्नास ते नव्व्याण्णव आलं की १९०० नंतरचं. पॉलिसीच्या तारखांना हे चालून जातं. जन्मतारखेला नाही. १९०५ साली जन्मलेले पेन्शनर तेव्हा हयात होते. या उपायाने त्यांचा जन्म २००५ सालचा झाला असता. म्हणजे अजून जन्मायचा माणूस दरमहा पेन्शन उचलतोय! म्हणून जन्मवर्ष खरोखर चार आकडी करावं लागलं. फाइलमधली प्रत्येक नोंद दोन अक्षरांनी लांबली आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम बदलणं आलं. एक जरी सुटला तर तो पुढची सगळी माहिती दोन घरं सरकून वाचणार.

तसा एक कुणाच्या तरी यादीतून सुटलाच, आणि माझ्या पाळीत चाचणी कोसळली. पडद्यावर एस-झिरो-सी-सेव्हन, मेनफ्रेमवाल्यांच्या बोलीत 'सॉक सेव्हन'. आकडा असायला हवा तिथे आकडा नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुठे नाही, ते आपण शोधायचं. मी डंप छापून घेतला: अक्षरांचा आणि आकड्यांचा जाडजूड गठ्ठा. काकू शेजारी खुर्ची ओढून बसल्या. पेन्सिल माझ्याच हातात दिली. पत्ता वजा कर, म्हणाल्या. आता कुठल्या ओळीवर थांबलाय ते बघ. आता त्या रकमेच्या जागी काय आहे ते वाच.

"चाळीस, चाळीस."

"चाळीस म्हणजे?"

मेनफ्रेमच्या लिपीत चाळीस म्हणजे मोकळी जागा. रक्कम वाचायला गेलेला प्रोग्राम पेन्शनरच्या नावाच्या रकान्यातल्या रिकाम्या शेपटावर येऊन पडला होता. उत्तर त्यांना पहिल्या मिनिटात दिसलं असणार. मला जवळजवळ पूर्ण दुपार लागली, आणि त्या दुपारभर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेजारच्या मुलाने येऊन सांगायला तोंड उघडलं तर त्यालाच चहा आणायला पाठवलं.

आणखी एक देणं रोख होतं. डोंबिवलीत पेइंग गेस्ट म्हणून राहायला डिपॉझिट लागत होतं. ते काकूंनी भरलं. हप्त्याहप्त्याने परत घेतलं, प्रत्येक हप्ता वहीत तारखेनिशी लिहून. एकदा मी संकोचून म्हटलं, "काकू, लिहिताय कशाला?" त्या म्हणाल्या, "पुढे तू मला टाळू नयेस म्हणून."

१ जानेवारी २०००, शनिवार. न्यूयॉर्कला मध्यरात्र झाली तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेदहा. मजला भरलेला. बॅचमधली, म्हणजे तिकडे रात्री ओळीने चालणाऱ्या कामांमधली, एकेक जॉब शून्य कोड देत पुढे सरकली. पेढे आले. काकूंनी पेढा हातात धरूनच शंभरीच्या आसपासच्या पेन्शनरांची यादी काढायला लावली आणि वयं बोटाने तपासली. "वायटूके म्हणजे निव्वळ बागुलबुवा होता, काहीच तर झालं नाही," असं पुढे अनेकांनी मला ऐकवलं, अजून ऐकवतात. वाद घालायचं मी सोडून दिलंय.

काकूंच्या लेखी मात्र काम संपलं नव्हतं. २९ फेब्रुवारी राहिली होती. चारने भागून लीप वर्ष ठरवणारे साधे प्रोग्राम सहज निभावणार होते. शंभराचा अपवाद ठाऊक असलेले, पण चारशेचा नसलेले, अडकणार होते. "अर्धवट हुशाराचे प्रोग्राम आधी काढ," त्या म्हणाल्या, आणि दोन सापडले.

मार्चमध्ये मी डिपॉझिटचा शेवटचा हप्ता दिला. काकूंनी वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारली. तेव्हाच मॅनेजर नव्या प्रकल्पासाठी माणसं शोधत होता. ते काम ऑनलाइन व्यवहारांचं. तिथे चूक निस्तरायला अख्खी रात्र मिळत नाही, पलीकडे कारकून पडद्यासमोर उत्तराची वाट बघत असतो. मी बॅचमध्येच बरी आहे, असं सांगायला मॅनेजरकडे गेले. त्याने यादी पुढे केली. माझं नाव आधीच होतं, कोणी सुचवलं ते विचारायची गरज नव्हती. काकूंचं नाव यादीत नव्हतं. त्या जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. मी जागेवर परतले तेव्हा त्या माझ्याच खुर्चीत बसून माझ्या चालू प्रोग्रामांची यादी उतरवून घेत होत्या. "ही माझ्याकडे दे," म्हणाल्या, "आणि सोमवारी साडेआठला तिकडे जा, ते लोक लवकर येतात."